एकटी आई, मोत्या आणि दाराची खालची फळी

खाडीकाठ

मंडळी, हे लिहायचं खूप दिवस मनात आहे. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

आमचं गाव दापोली तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी. बाबा २०१९ च्या दिवाळीनंतर गेले. मी डोंबिवलीला, भाऊ पुण्यात. आई म्हणाली, आगर टाकून मी कुठे येणार नाही, माड-पोफळींना पाणी कोण लावेल. आम्ही फार ताणलं नाही. पण बाबा गेले आणि तिचं जेवणच सुटलं. एकटीसाठी काय भात लावायचा, म्हणून सकाळी चहा-बटर, दुपारी पेज, रात्री मिळेल ते तोंडात टाकायचं. फोनवर विचारलं की "जेवल्ये गो", एवढंच. आवाजावरून कळायचं की जेवलेली नाही. त्यात लॉकडाउन लागला आणि आम्हा दोघांचंही जाणं बंद झालं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. अर्धी कौलं उडाली, आगरातल्या पोफळी एकीवर एक आडव्या पडल्या, वीज गेली ती कित्येक दिवस आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आई गोठ्यात पेंढा सुकवायला गेली तर भाऱ्याखाली एक पिल्लू थरथरत बसलेलं. गूळकुटी रंग, एक कान फाटलेला. कुठून वाहत आलं देव जाणे. आई आयुष्यात कधी कुत्र्याला शिवलेली नाही, सोवळं तिच्या हाडात आहे. तिने त्याला वाटीभर कोमट दूध ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी म्हणून भात लावला. त्याच्यासाठी लावला तेव्हा तिने स्वतःचंही पान वाढून घेतलं. हे मला शेजारच्या काकूंनी खूप नंतर सांगितलं.

त्याचं नाव मोत्या. आता सहाव्या वर्षात आहे. सकाळी साडेसातला त्याचा भात, आणि तो खाली ठेवला की लगेच आईची रक्तदाबाची गोळी. "त्याचं ताट आणि माझी गोळी बरोबर," असं ती म्हणते, आणि खरंच एकही दिवस चुकत नाही. संध्याकाळी त्याला घेऊन खाडीपर्यंत चालत जाते. दिवसभर त्याच्याशी बोलत असते. मी फोन केला की मागे ऐकू येतं, "थांब रे, ताईशी बोलत्ये."

आता प्रश्न. गेल्या महिन्यात तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मुंबईत केलं. अठरा दिवस ती माझ्याकडे होती. काकू मोत्याला वेळच्या वेळी घालत होत्या, पण पहिले चार दिवस त्याने पाण्याशिवाय कशाला तोंड लावलं नाही. मागच्या दाराची खालची फळी फणसाची आहे, आजोबांच्या वेळची. ती त्याने नखांनी वीतभर खरवडून काढली. मी परत सोडायला गेले तेव्हा फळीवर सुकलेलं रक्त होतं. आईला बघून तो तिथेच मुतला, मग तिच्या पावलावर तोंड टाकून असा झोपला की तिला पाय हलवता येईना.

तेव्हापासून तो न्हाणीघराच्या दारापर्यंत तिच्या मागे जातो. ती गडग्याबाहेर गेली की रडतो. पोस्टमनच्या अंगावर धावून जातो. परवा काकूंच्या मुलाचा शर्ट धरला. मुलगा बारा वर्षांचा आहे, रोज येणाराजाणारा. शर्टच फाटला, अंगाला दात लागला नाही. भाऊ म्हणतो, आईला पुण्याला नेऊ आणि कुत्रा कुणाला तरी देऊन टाकू. माझं मन होत नाही, पण दुसरं काही सुचतही नाही. आईला त्याच्यामुळे खरंच बरं वाटतंय, की मलाच तसं वाटतं? आणि त्याला जे झालंय ते सुधारतं का? अनुभव असेल त्यांनी जरूर लिहा.

---

पोफळी_१९

ताई, तुम्हालाच वाटतंय असं नाही. माझी आजी अंजर्ल्याला असते. आजोबांनंतर तिने दुपारचा रेडिओसुद्धा लावणं सोडलं होतं. मांजर आलं आणि पुन्हा घरात आवाज सुरू झाला. मोत्याला कुणाला देऊन टाकू नका, एवढंच सांगते. बाकी जाणकार सांगतील.

---

गुरांचा_डॉक्टर

खाडीकाठताई, मी रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागात पशुवैद्य आहे. वीस वर्षं याच कामात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी आईंबद्दल. कुत्रा आणि माणूस एकमेकांकडे शांतपणे बघतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, हे जपानमधल्या अझाबू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं. आईला बाळाकडे बघताना जो मायेचा पाझर फुटतो, त्याच्यामागे हेच संप्रेरक असतं. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांवर तोच प्रयोग केला तेव्हा तसं काही झालं नाही. म्हणजे नजरेची ही देवाणघेवाण कुत्र्याने माणसाच्या सहवासात कमावलेली आहे.

त्याच्याही आधी, १९८० मध्ये, अमेरिकेत एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराने रुग्णालयात दाखल झालेल्या ९२ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला होता. घरी पाळीव प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी वर्षभरात ३ दगावले, नसलेल्या ३९ पैकी ११. आकडे बोलके आहेत, पण जपून वाचायला हवेत. ज्याच्या अंगात कुत्रा फिरवायची ताकद आहे तो मुळातच थोडा धडधाकट असतो. पुढच्या अनेक अभ्यासांत कधी फायदा दिसला, कधी नाही. म्हणून कुत्रा पाळा आणि रक्तदाब घालवा, असं मी कुणाला सांगत नाही. पण तुमच्या आईंच्या बाबतीत कारण डोळ्यांसमोर आहे. त्या वेळेवर जेवतात, गोळी चुकत नाही, रोज चालतात आणि दिवसभर कुणाशी तरी बोलतात. या चार गोष्टींनी म्हाताऱ्या माणसाच्या तब्येतीत फरक पडतो, आणि चारही मोत्यामुळे घडतात. गोळी मात्र चालूच ठेवायची, मोत्या गोळीच्या जागी नाही.

आता मोत्याबद्दल. त्याच्या पाच वर्षांच्या आयुष्यात आई एक रात्रही घराबाहेर राहिलेली नसणार. लॉकडाउनमध्ये वाढलेल्या कुत्र्यांत हे मी खूप पाहिलं. माणूस चोवीस तास घरात, आणि पिल्लू 'एकटं राहायचं' हा धडा शिकलेलंच नाही. त्याची सावलीच निघून गेली, ती परत येईल हे त्याला कोण सांगणार? दार खरवडणं, न खाणं, रडणं, ती दिसताच मुतणं, ही सगळी घाबरल्याची लक्षणं आहेत, खोडीची नाहीत. म्हणून फळीवरून त्याला रागावू नका. कुत्रा कान पाडून 'चुकलो' असं तोंड करतो ना, त्यावर अलेक्झांड्रा होरोविट्झ यांचा २००९ चा प्रयोग आहे. ते तोंड कुत्र्याने चूक केली आहे की नाही यावर नव्हे, तर मालक रागावला आहे की नाही यावर ठरतं, असं त्यात दिसलं. आपण ओरडलो की त्याच्या लेखी घरी आलेलं माणूस भीतीदायक होतं, आणि दाराची भीती तशीच राहते.

सुधारतं का? बहुतेक वेळा सुधारतं, पण आठवडे लागतात. आधी एक विचारतो. आई बाहेर निघायच्या आधी काय काय करतात? पिशवी, छत्री, चप्पल, जे असेल ते क्रमाने सांगा.

---

रापणकार

मी मालवणीतच लिवतंय. ताईनु, आमचो बापूस रापणीक जाय तेवा कुत्रो तेच्या वांगडा किनाऱ्यार बसान रवाय. बापूस तीन वर्सांमागे गेलो. कुत्रो तरी रोज पाटे उठान किनाऱ्यार जाय, रापण भायर इली काय सगळ्यांच्या पायांचो वास घेय आणि गप घराक येय. आवस ता बघी. घरातून भायर पडणा तिना सोडलेला. एक दिवस ती तेच्या मागसून गेली. आता दोघाय रोज जातत. डॉक्टरान चलूक सांगलेला ता तिना आयकूक नाय, कुत्र्याचा आयकता.

मोत्याक खय धाडू नकात.

---

खाडीकाठ

रापणकार दादा, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

डॉक्टर, विचार करून लिहिते. आई एसटीला निघायची असली की आधी कपाट उघडून निळी कापडी पिशवी काढते, मग चष्मा पुसते, मागच्या दाराला आतून कडी घालते आणि पुढे येऊन चप्पल घालते. काकू म्हणतात, पिशवी निघाली की मोत्या थरथरायला लागतो.

---

गुरांचा_डॉक्टर

बघा, निळी पिशवी म्हणजे त्याच्या लेखी वादळच. त्या पिशवीचा अर्थ पुसायचा. आईंनी दिवसातून चारपाच वेळा पिशवी काढायची, चप्पल घालायची आणि ओटीवर बसून पावटे सोलायचे. कुठे जायचं नाही. आठवड्यात त्याचं थरथरणं कमी होईल. मग पिशवी घेऊन गडग्यापर्यंत आणि परत. मग काकूंच्या खळ्यापर्यंत. तो शांत असतानाच परत यायचं, रडायला लागण्याआधी. एक मिनिट, तीन, दहा, असं वाढवत न्यायचं. जाताना गळ्यात गळा नाही, आल्यावर पहिली दोन मिनिटं त्याच्याकडे फार लक्ष नाही. आईंना हे जड जाईल, पण समजावून सांगा. पडवीत त्यांचं वापरलेलं, न धुतलेलं लुगडं अंथरून ठेवा. वासाचा आधार कुत्र्याला फार मोठा असतो.

दुसरं, त्याच्या आयुष्यात आणखी एक माणूस हवं. काकूंच्या मुलालाच संध्याकाळचं ताट द्यायला सांगा, आईंच्या समोर. सुरुवातीला त्याने ताट ठेवून मागे व्हायचं, मोत्याच्या डोळ्यांत रोखून बघायचं नाही, वरून डोक्यावर हात आणायचा नाही. मोठं माणूस जवळ हवंच.

पोस्टमनचं सोपं आहे. पोस्टमन येतो, मोत्या भुंकतो, पोस्टमन जातो. तो जाणारच असतो, पण मोत्याला वाटतं आपणच त्याला घालवलं. रोज त्याला जिंकल्याचा अनुभव येतो, म्हणून रोज जोर वाढतो. त्या वेळेला साखळी लावून पडवीत ठेवा आणि पोस्टमन दिसला की आईंनी हातातून काहीतरी आवडीचं द्यावं.

रेबीजची लस झाली आहे का? ती नसेल तर बाकी सगळं नंतर.

---

माडाची_सावली

मी वेगळं बोलते, वाईट वाटून घेऊ नका. नुसता शर्टच फाटला म्हणून सगळे शांत आहेत. दात लागला असता तर? माझ्या धाकट्या भावाला आम्ही लहान असताना वाडीतल्या 'कधीच न चावणाऱ्या' कुत्र्याने पोटरीला धरलं होतं. घरच्यांनी हळद-चुना लावला. सुदैवाने त्याला काही झालं नाही, पण पुढे सहा महिने आई रोज रात्री त्याला पाणी प्यायला लावून बघायची, घोट गिळतोय ना म्हणून. माझं सगळं बालपण त्या भीतीत गेलं. कुत्र्याच्या मायेचं खूप लिहिलं जातं, शेजाऱ्याच्या पोराचं कुणी लिहीत नाही. ताई, तो मुलगा तुमच्या भरवशावर त्या घरात येतो.

---

गुरांचा_डॉक्टर

माडाची_सावली, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

सगळ्यांसाठी सांगतो. कुत्र्यामांजराचा दात लागला, किंवा ओरखडा येऊन रक्त आलं, तर पहिली गोष्ट वाहतं पाणी आणि साबण, पूर्ण १५ मिनिटं. घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, माती काही लावायचं नाही. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना. दंडात घेतात त्या लसीचे दिवस ०, ३, ७, १४ आणि २८ असे असतात; कातडीत देतात तिचे ०, ३, ७ आणि २८. जखम खोल असेल तर जखमेतच वेगळं इंजेक्शनही देतात. दोन सुया घेतल्या, बरं वाटतंय, म्हणून पुढच्या सोडायच्या नाहीत. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि वेळेवर लस घेतली तर जवळजवळ नेहमी वाचतो. इतकी स्पष्ट रेषा दुसऱ्या कुठल्याच रोगात मी पाहिलेली नाही.

पिल्लाला तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दर वर्षी.

आणि शर्ट धरला ही सूचना समजायची. कुत्रा सांगतोय की तो घाबरला आहे. त्याची भीती जाईपर्यंत मुलाला एकट्याने आत येऊ देऊ नका.

---

खाडीकाठ

माडाची_सावली, खरं आहे तुमचं. मी मुलाचं नाव काढलं, पण त्याच्या बाजूने विचार केलाच नव्हता. आज काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मी बोलले नाही, पण रात्री झोप नाही लागली मला." मला शरम वाटली. लस गेल्या पावसाळ्यात घ्यायची होती, राहून गेली. उद्या भाऊ गावी जातोय, तो डॉक्टरांना घेऊनच घरी जाईल.

---

वेंगुर्ल्याची_लेक

मांजरांबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे सध्या तीन आहेत, आणि मासे साफ करायला बसले की वाडीतली आणखी चार येतात.

मोठी मांजरं आपसात फारसं म्याँव करत नाहीत. पिल्लू आईकडे करतं, आणि मोठेपणी ते आपल्याकडे करत राहतं. म्हणजे आपल्याशी बोलण्यासाठी त्यांनी बाळपणीचा आवाज जपून ठेवलाय. आमची काळी मांजर माझ्याकडे एका सुरात ओरडते आणि सासूबाईंकडे अगदी वेगळ्या. सासूबाईंना कमी ऐकू येतं, त्यांच्याशी ती जोरात आणि लांबवून ओरडते. हे तिला कुणी शिकवलं?

आणखी एक करून बघा. मांजर समोर बसलं असताना तिच्याकडे बघत डोळे अर्धे मिटायचे, सावकाश, आणि तसेच सावकाश उघडायचे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाने २०२० मध्ये यावर अभ्यास केला. माणसाने असं केलं तर मांजरही तसेच डोळे मिटतं, आणि अनोळखी माणूस असला तरी त्याच्याजवळ यायला तयार होतं. सासूबाई दुपारी खाटेवर पडून हे तासन्‌तास करत असतात. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेलाय, उजवा हात चालत नाही, बोलणं नीट उमटत नाही. माणसांशी बोलताना त्यांची चिडचिड होते, समोरच्याला कळत नाही म्हणून. मांजरीशी काही बोलावं लागत नाही. ती पोटाशी येऊन घुरघुरते आणि त्यांचा डावा हात तिच्या पाठीवरून फिरत राहतो. मग एक दिवस मी बघितलं, उजव्या हाताची बोटं तिच्या शेपटीकडे सरकत होती. फिजिओथेरपीवाला बाईंना चेंडू दाबायला सांगून थकला होता.

---

चाकरमानी_परळ

खाडीकाठताई, मी गणपतीला आणि शिमग्याला गावी येणाऱ्यांपैकी. आज एक कबूल करायचंय.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत माझ्या मुलांनी एक पिल्लू ओटीवर आणलं. पाच दिवस मोदक, दूध, मांडीवर झोपणं, रात्री चादरीत. मुलांना मी इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. धाकटा मुंबईत चारचौघांत तोंड उघडत नाही, तो त्या पिल्लाला भजनं म्हणून दाखवायचा. विसर्जनानंतर दोन दिवसांनी आम्ही घराला कुलूप लावून निघालो. शेजारी बघतील, असं म्हणालो. शेजारी म्हणजे सत्तरीतलं एक जोडपं, त्यांना स्वतःचंच होत नाही.

शिमग्याला आलो तेव्हा ओटीच्या पायरीवर एक खड्डा पडल्यासारखी जागा होती, माती झिजून गुळगुळीत झालेली. शेजारच्या आजी म्हणाल्या, दिवाळीपर्यंत तिथेच बसून होतं, एसटीचा आवाज आला की उठायचं. मग एका रात्री बिबट्याने नेलं.

धाकट्याला मी अजून सांगितलेलं नाही.

---

पोफळी_१९

दादा...

---

गुरांचा_डॉक्टर

चाकरमानी दादा, तुम्ही लिहिलंत, याला धीर लागतो.

कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी अनेक वर्षं आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतायत. २०१७ मध्ये त्यांनी दाखवलं की अनोळखी माणसावर विश्वास बसायला या कुत्र्यांना खाण्यापेक्षा अंगावरून फिरवलेला हात जास्त मोलाचा वाटतो. पुन्हा पुन्हा मायेने हात फिरवणाऱ्याकडे ती जास्त ओढली जातात. आपण समजतो, भाकरी टाकली की झालं. कुत्रं हात लक्षात ठेवतं. गणपतीचे पाच दिवस पोरांचे आठ हात त्या पिल्लाच्या अंगावरून फिरले.

दर वर्षी गणपतीनंतर दोनतीन आठवड्यांत माझ्याकडे अशी पिल्लं येतात. खायला न मिळून येतात असं नाही. पार्वो (पिल्लांचा उलट्या-जुलाबांचा रोग) झालेली, गोचिडांनी भरलेली, गाडीखाली आलेली. येणाऱ्या गणपतीत मुलांना पिल्लू हवं असेल तर गावातच कायम राहणाऱ्या माणसाशी आधी बोला, लस आणि खाण्याचा खर्च तुम्ही मुंबईहून पाठवा, आणि पिल्लू पहिल्या दिवसापासून त्या माणसाच्याच ओटीवर राहू दे. मुलं तिथे जाऊन खेळतील.

बिबट्याचं सगळ्यांनाच सांगतो. आपल्याकडे कुत्रा हे बिबट्याचं सोपं भक्ष्य आहे. रात्री कुत्रा साखळीला बांधून अंगणात ठेवणं म्हणजे ताट वाढून ठेवणं. पडवीला जाळी लावा किंवा घरात घ्या.

---

कासवरात

मी हिवाळ्यात किनाऱ्यावर कासवांच्या घरट्यांसाठी रात्री फिरतो, म्हणून एक विनंती. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने काम सुरू केलं तेव्हापासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी उचलून कुंपणाच्या आत ठेवतात, ती चोरांपासून, आणि कोल्ह्या-कुत्र्यांपासूनही. आम्ही पोचण्याआधी कुत्रं पोचलं तर शंभरावर अंड्यांचं घरटं सकाळी नुसत्या टरफलांचं असतं. त्यातली अर्धी कुत्री गळ्यात पट्टा असलेली असतात, म्हणजे कुणाची तरी. दिवसा घरात लाडकी, रात्री मोकळी, आणि चार जमली की त्यांचा स्वभावच बदलतो. घरात माशी न मारणारा कुत्रा टोळीत वासराच्या मागे लागलेला मी पाहिलाय. रात्री घरात घ्या. बिबट्यापासून तुमचा कुत्रा वाचेल आणि कासवंही.

---

हर्णेबंदर

डॉक्टर, आमच्याकडे कुत्र्याला भात आणि माशाचं कालवण घालतात, पिढ्यान्‌पिढ्या. शहरातले नातेवाईक म्हणतात भात घालणं पाप आहे. खरं काय?

---

गुरांचा_डॉक्टर

पाप नाही. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त आहेत. माणूस शेती करू लागला, धान्य शिजवू लागला, आणि त्याच्या उष्ट्यावर जगता जगता कुत्र्याचं पोटही बदललं. कोकणातला भात खाणारा कुत्रा हा त्या जुन्या सोबतीचाच भाग आहे. पण नुसता भात पुरत नाही. उकडलेला मासा काटे काढून, अंडं, थोडी भाजी द्या. कालवण मात्र नको. त्यात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. खारवलेला सुका मासाही नको.

पावसाळ्यासाठी दोन शब्द. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, आपल्या भागात दर वर्षी माणसं नेतो. तो उंदरांच्या, गुरांच्या आणि कुत्र्यांच्याही मुतातून साचलेल्या पाण्यात येतो. कुत्र्याच्या लसीत लेप्टो येईल असं बघा आणि पायाला जखम असेल तर चिखलात उघड्या पायाने जाऊ नका. सिंधुदुर्गात दोडामार्गकडच्यांनी गोचिडांबद्दल जास्त जपावं, २०१६ पासून तिकडे माकडताप आहे आणि तो गोचिडांमार्फतच पसरतो. कुत्र्याच्या कानात आणि बोटांच्या बेचक्यात रोज बोट फिरवून बघा.

---

माडाची_सावली

डॉक्टर, इतकं समजावून सांगितल्याबद्दल आभार. माझ्या मुलीला कुत्रा हवाय, मी सहा वर्षं नाही म्हणतेय. अजूनही भीती वाटते. पण पहिली लस, दर वर्षीची लस, रात्री घरात, हे सगळं आधी ठरवून घेतलं तर कदाचित. बघते.

---

खाडीकाठ

मंडळी, सात आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं.

भावाने दुसऱ्याच दिवशी मोत्याला लस टोचून घेतली. आईला पिशवीचं समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी त्याला फसवायचं?" मी म्हटलं, नाही गो, पिशवी निघाली म्हणजे तू जातेसच असं नाही, एवढं त्याला कळू दे. तिला ते पटलं. रोज सकाळी पोफळीला पाणी लावून झालं की ती पिशवी घेऊन, चप्पल घालून ओटीवर बसायची आणि तांदूळ निवडायची. पहिल्या आठवड्यात मोत्या तिच्या मांडीला चिकटून थरथरत असायचा. दुसऱ्या आठवड्यात फक्त कान टवकारायचा. तिसऱ्यात पिशवी निघाली तरी अंगणात माश्या पकडत बसला, तेव्हा आईने मला दुपारी फोन केला. दुपारी ती कधीच फोन करत नाही.

गडग्यापर्यंत, काकूंच्या खळ्यापर्यंत, देवळापर्यंत. एकदा देवळात आरती लांबली आणि तो रडला, तेव्हा डॉक्टरांना विचारून पुन्हा मागच्या टप्प्यावर आलो.

काकूंचा मुलगा संध्याकाळचं ताट देतो. पहिल्या दिवशी त्याने काकूंचा हात सोडला नव्हता. आता तो मोत्याला हातानेच 'बस' करतो आणि मोत्या बसतो. काकू पहिले दोन आठवडे दारात उभ्या असायच्या, आता आतून बघतात. पोस्टमन आला की अजून भुंकतो, पण साखळीला, आणि आईच्या हाताकडे बघत.

गेल्या मंगळवारी आई दहाच्या एसटीने दापोलीला गेली, डोळे दाखवायला. दीडच्या गाडीने परत आली. मुलाने सगळं वहीत लिहून ठेवलं होतं, मला फोनवर वाचून दाखवलं: १०.१० गडग्याशी जाऊन बसला. १०.४० रडला, थोडा. ११.०५ लुगड्यावर येऊन झोपला. १२.३० अर्धा भात खाल्ला. १.५० एसटी वाजली, उठला.

भावाशी बोलणं झालं. आई गावीच राहील. जूनमध्ये ती आठ दिवस पुण्याला जाऊन येईल, नातवाची मुंज आहे. सुताराला फणसाची नवी फळी करायला सांगितली होती. आई म्हणाली, आत्ता नको बसवू, पुण्याहून येते, तोवर त्याने काय केलंय ते बघू आणि मग बसवू.